लंगड्या घोड्याचे देणे

दसऱ्याच्या सकाळी आमच्या खडकीत टांग्यांच्या घोड्यांना न्हाऊ घालीत, कपाळी कुंकू लावीत आणि गळ्यात झेंडूच्या माळा घालीत. हा मान घोड्याला कशाबद्दल मिळतो, त्याच्या असण्याबद्दल की धावण्याबद्दल, हा प्रश्न त्या वयात मला कधी पडला नाही.

तो पाडला आमच्या आळीतल्या चाचांच्या घोड्याने. एका पावसाळ्यात खड्ड्यात पाय जाऊन त्याच्या पुढच्या डाव्या पायाचा अस्थिबंध दुखावला. घोडा दुखण्याने ओरडत नाही. दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर झटकतो, एवढेच. तिकडे दुर्लक्ष करून मी स्टेशनच्या वाटेवर म्हणालो, "चाचा, जरा जोरात हाका ना, गाडी चुकेल!" चाचांनी टांगा थांबवला. "बेटा, तुझी गाडी उद्या पुन्हा येईल. याचा पाय नाही येणार."

हे बोलणे किती खरे होते ते पुढे कळले. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. चारशे-पाचशे किलोंच्या देहाचा निम्म्याहून अधिक भार त्या दोन पायांवर असतो आणि नळीच्या हाडामागचा अस्थिबंध प्रत्येक पावलाला ताणला जाऊन तो झेलतो. तो फाटला तर भरून येतो, पण भरलेल्या जागी मूळची लवचीकता राहत नाही. म्हणून थंड पाण्याची धार, पट्टी, विश्रांती आणि मग हाती धरून रोज थोडे थोडे चालवणे, असे कित्येक महिने, कधी वर्षही जाते. लंगडणे थांबले म्हणून घाईने जुंपावा, तर तोच पाय पुन्हा जातो. पूर्वी सालोत्री अशा पायाला तापल्या लोखंडाचे डाग देत. आज पशुवैद्य सोनोग्राफी करून आतले तंतू पाहतो. पण वाट पाहण्यावाचून त्याचीही सुटका नाही. वेदना थांबवणारी सुई आहे. घोड्याला आराम पडावा म्हणून दिली तर ती दया. टांगा ओढावा म्हणून दिली तर तीच सुई त्याचे तोंड दाबणे आहे.

याच खडकीजवळ ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, पेशव्यांचे घोडदळ इंग्रजांवर चालून गेले. वाटेतल्या दलदलीत पुढचे घोडे कोलमडले. त्या लढाईचा सेनापती म्हणून बापू गोखल्यांचे नाव आपण आदराने घेतो. चिखलात रुतलेल्या पायांची आठवण कोण काढतो?

अपंग जनावराला कामास जुंपणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. पण चाचांच्या घरी खाणारी पाच तोंडे होती. न कमावणाऱ्या घोड्याला वर्षभर पोसा, असा उपदेश करणाऱ्याने आधी हरभऱ्याचा भाव विचारावा. घोडा विकता आला असता. घेणाऱ्याने तो दुसऱ्याच दिवशी जुंपला असता, आणि पाप मात्र चाचांच्या डोळ्यांआड झाले असते. आपली पुष्कळशी पापे अशीच दुसऱ्याच्या दारी फिटतात. आणि टांग्यात बसून घाई करणारा मी, मला तर कुठलाच कायदा लागू नव्हता!

चाचांनी घोडा विकला नाही. स्टँडावरच्या टांगेवाल्यांनी पाळीपाळीने आपला टांगा-घोडा देऊन रोज एकेक खेप त्यांना करू दिली. वर्षाने घोडा मऊ मातीत नीट चालू लागला; डांबरी रस्त्यावर मात्र मान पुन्हा झटके. चाचांनी त्याला परत जुंपले नाही.

पुढच्या दसऱ्याला मी माळ घेऊन गेलो. चाचांनी स्टँडावरच्या घोड्यांकडे बोट न दाखवता मला घरामागे नेले. तिथे तो उभा होता, डावा पाय जरा अलगद टेकवून.

"आधी याला घाल," ते म्हणाले.