तक्रारीची किंमत कोण मोजते?

बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार ऑगस्ट २०२४ मध्ये समोर आली. ती नोंदवून घेतानाही पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले आणि २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांना जे आदेश दिले त्यांत सीसीटीव्ही कॅमेरे होते, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी होती, तक्रारपेटी होती आणि शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ मध्येच शासन निर्णय निघालेली सखी सावित्री समितीही होती. यातले काहीच अनावश्यक नाही. पण शाळेतला छळ उघडकीला येतो तो बहुधा मूल बोलल्यामुळे, आणि मूल बोलेल की नाही हे बोलल्यानंतर त्याचे काय होते यावर ठरते. आपल्याकडे बोलण्याची किंमत मुलीने मोजायची असते आणि फार वेळा ती किंमत म्हणजे तिची शाळाच. मुलींना मिळणारी दुय्यम वागणूक आणि त्यांचा लैंगिक छळ हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात. माझ्या मते पहिल्याच्या आडोशानेच दुसरा टिकून राहतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी तोवर कुणापाशीच त्याची वाच्यता केलेली नव्हती. छळ करणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. फाटकावरचा कॅमेरा बाहेरून येणाऱ्या परक्या माणसाला टिपतो. वर्गात, व्हॅनमध्ये, शिकवणीत रोज भेटणाऱ्या माणसाविषयी तो फारसे सांगू शकत नाही. ते मूलच सांगू शकते.

मग मूल गप्प का बसते? आठवी-नववीतल्या मुलीचा विचार करा. एसटी थांब्यावर दोन-तीन पोरे रोज तिची वाट अडवतात. ही गोष्ट घरी सांगितली की पुढे काय होते हे तिला पक्के ठाऊक असते. आधी तिच्या ओढणीची चर्चा होते, मग मोबाइल काढून घेतला जातो, मग ‘दहावी झाली की बास’ असे ठरते आणि स्थळे येऊ लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. त्यामागे गरिबी आहे, हुंडा आहे, आणि मुलीच्या ‘काळजी’पोटी तिचे शिक्षण आटोपते घेण्याची सवयही आहे. शासन मुलींना एसटीचा मोफत पास देते, तो मोलाचा आहे. पण बसमध्ये झालेल्या त्रासाबद्दल तोंड उघडले तर तो पास आपण होऊन परत करावा लागेल, अशी भीती असलेली मुलगी मुकाट्याने प्रवास करते. वाट अडवणाऱ्यांची शाळा मात्र सुरूच राहते. बदलापूर प्रकरणाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने विचारले होते, की सातच्या आत घरात येण्याचा नियम मुलींनाच का, मुलग्यांना का नाही? हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत विचारला जायला हवा.

हा भेद शाळेतही शिकवला जातो, आणि तो शिकवण्यासाठी कुणी दुष्ट असावे लागत नाही. हजेरीत मुलग्यांची नावे आधी येतात, वर्ग झाडायला मुली आणि बाके उचलायला मुलगे लागतात. आणखी एक जुनी शिक्षा पाहा. मस्ती करणाऱ्या मुलग्याला मुलींच्या रांगेत बसवायचे. वर्ग हसतो, तो मान खाली घालतो. त्या पाच मिनिटांत चाळीस मुले शिकतात, की मुलींच्या शेजारी बसणे ही नामुष्की आहे. तोच मुलगा उद्या स्वतः छळाला बळी पडला तर कुणाला सांगेल? ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे त्याने ऐकलेले असते. २००७ च्या त्याच अभ्यासात लैंगिक छळ सोसलेल्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून कुणाला पाळी आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. पाळीविषयीचा विटाळ हा भेदभाव आणि ती तपासणी हा छळ, अशी रेघ तिथे कुठे ओढणार?

यावर शिक्षकांचा एक आक्षेप असतो, आणि तो मनापासूनचा असतो. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर आयुष्य उद्ध्वस्त होईल, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचीही चोरी होईल. या भीतीची टिंगल करू नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात दुष्ट हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही, आणि ते योग्यच आहे. निर्दोष शिक्षकाला खरे संरक्षण मिळते ते ठरलेल्या, लेखी, वेळेत होणाऱ्या चौकशीतून. प्रकरण दाबणाऱ्या शाळेत अफवाच निकाल देतात. दुसरा आक्षेप संस्कृतीचा. शरीराविषयी वर्गात बोलले तर मुले बिघडतील, असे म्हणत २००७ मध्येच महाराष्ट्रात विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक ज्ञान देणारे मासिक सुरू केले, त्याच महाराष्ट्रात. युनेस्कोने जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले आहे, की अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. ज्या अवयवाचे नाव मुलाला उच्चारता येत नाही, त्याविषयीची तक्रार ते कोणत्या शब्दांत करणार?

कायद्याची बाजू तशी लंगडी नाही. अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न देणे हा पॉक्सोच्या कलम २१ नुसार गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरी संस्थाचालक आधी ‘शाळेचे नाव’ सांभाळतात, कारण तक्रार नसलेली शाळा ही चांगली शाळा, असे पालकही मानतात आणि अधिकारीही. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर आणि किल्ली त्यांच्याच टेबलाच्या खणात, अशी व्यवस्था असेल तर पेटी वर्षभर रिकामी राहील आणि अहवालात शून्य लिहिले जाईल. त्या शून्याकडे अधिकाऱ्यांनी संशयाने पाहिले पाहिजे. तक्रार झाली की वर्ग, बस किंवा शिकवणी आरोप असलेल्याची बदलावी, तक्रार करणारीची नव्हे. तिची हजेरी, परीक्षा आणि वसतिगृहातली जागा यांची लेखी हमी मुख्याध्यापकांनी पालकांना द्यावी. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंकलनात दरवर्षी शाळेतली स्वच्छतागृहे मोजली जातात, पटसंख्या मोजली जाते. सखी सावित्री समितीच्या अहवालात आणखी एक रकाना वाढवणे अवघड नाही: मागच्या वर्षी ज्या मुलींनी तक्रार केली, त्यांतल्या किती जणी आज वर्गात आहेत? गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेला भेट दिली की पहिल्यांदा तोच आकडा मागावा.