मोसमी पावसाची मिसल

मृग कोरडा गेला की सोनपेठच्या बाजारात बियाण्याची थैली घेऊन उभा असलेला कास्तकार वेधशाळेच्या अंदाजाला ‘नुसती थिअरी’ म्हणून झिडकारतो. आणि ज्यांनी चार बुके वाचली आहेत तेही मनाशी असेच धरून चालतात की, तहसील कचेरीतील अव्वल कारकून ज्याप्रमाणे नायब तहसीलदार आणि पुढे तहसीलदार होतो, त्याचप्रमाणे विज्ञानातील गृहीतक सिद्ध झाले म्हणजे उपपत्ती होते, आणि उपपत्ती पुरेशी जुनी झाली म्हणजे तिला नियमाचा हुद्दा मिळतो. विज्ञानाच्या दप्तरात बढतीचा असा शिरस्ता नाही.

दाखल्यासाठी मोसमी पावसाचीच मिसल उघडावी. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारे समुद्राकडून भूमीकडे वाहतात, अशी मीमांसा एडमंड हॅली याने 1686 साली केली आणि पृथ्वीच्या परिवलनाचा हिशेब जॉर्ज हॅडली याने 1735 साली तीत घातला. पुढे 1857 साली बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने नोंदींच्या आधारे नियम सांगितला की, उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. आषाढात पश्चिमेचा वारा पाठीवर घेऊन सोनपेठच्या शिवारात उभा राहणारा माणूस डावा हात पसरील, तर तो उत्तरेकडे, गंगेच्या मैदानावरील कमी दाबाच्या पट्ट्याकडेच जाईल. असे का, हे नियम सांगत नाही. ते त्याचे कामच नव्हे. ते काम विल्यम फेरेल या अमेरिकन शिक्षकाने 1856 मध्येच केले होते! उपपत्ती आधी आणि नियम मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

गृहीतकाची जात निराळी. 1876–77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर हेन्री ब्लॅनफर्ड याने 1884 साली असे मांडले की, हिमालयात बर्फ अधिक पडले तर पुढचा पाऊस क्षीण होतो. पुढील काळात हा संबंध डळमळला; पण तपासाला रुजू होण्याची तयारी हीच गृहीतकाची प्रतिष्ठा असल्याने त्यात ब्लॅनफर्डला उणेपणा नाही. गिल्बर्ट वॉकर तर नोंदींतून दोन महासागरांवरील वायुदाबाचे हेलकावे हुडकून 1924 साली त्यांना नाव देऊन मोकळा झाला. त्यांची कारणमीमांसा बियर्क्नेस याने 1969 साली दिली, तेव्हा वॉकरला जाऊन अकरा वर्षे लोटली होती.

आपल्या वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली 1988 साली सोळा घटकांचे जे प्रतिमान सिद्ध झाले, ते या तिन्हींपैकी काहीच नव्हते. गतकाळाच्या नोंदींवर बांधलेला तो मोठ्या कौशल्याचा ठोकताळा होता, आणि कित्येक वर्षे त्याने आपली पत राखली. परंतु 2002 साली सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज असता प्रत्यक्षात 81 टक्केच पडला आणि कास्तकाराच्या रोषाला सारे विज्ञानच पात्र झाले. कसूर त्या गणिताची होती. मोसमी वाऱ्यांची उपपत्ती त्यामुळे कोणी मागे घेतली नाही, आणि बाइज बॅलटचा नियम त्या सालच्या कोरड्या जुलैतही लागू होता.