मोठं भोक, लहान जग

बी. कॉम. होताना मी एकच गोष्ट ठामपणे शिकलो : आकडा मोठा तर वस्तू मोठी. बँकेत चिकटल्यावरही या श्रद्धेला तडा गेला नाही. तो गेला २००४ साली, एका सेकंडहँड फिल्म-कॅमेऱ्यामुळे. त्याच्या लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे होते आणि विकणारा म्हणत होता, "सोळावर भोक सगळ्यात लहान, दोनवर सगळ्यात मोठं!" मनात म्हटलं, या गृहस्थाला कर्ज द्यायचं नाही.

घरी आल्यावर उलगडा झाला. हे आकडे म्हणजे छेद! लेन्स ५० मिलिमीटरची. दोनाने भागा, भोक २५ मिलिमीटर. सोळाने भागा, जेमतेम तीन. भोक मोठं तर उजेड भरपूर, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. भोक लहान तर पट्टा ऐसपैस, पण उजेडाची बोंब. चष्मा घरी विसरलेला खातेदार डोळे किलकिले करून पासबुक वाचतो ना, तो हेच करत असतो.

एवढ्या ज्ञानावर मी आमच्या शिपाईमामांच्या निरोपसमारंभाचा अधिकृत फोटोग्राफर झालो. सत्कार मामांचा होता. पण हार घालताना साहेब कॅमेऱ्याकडे वळले आणि हातभर पुढे आले. मी कडं दोनवर ठेवलं, साहेबांवर फोकस केला आणि खटका दाबला. अंतर दोन मीटर. एवढ्या अंतरावर दोनवरचा स्पष्ट पट्टा असतो फक्त वीतभर! त्यात साहेब मावले, टायपिनसकट. मामा मावले नाहीत.

मामा फोटो घ्यायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"साहेब झकास आलेत हो. हा मागे मीच ना?"

"हो, मामा."

"टोपीवरनं वाटलंच."

फोटो खिशात ठेवून, मला चहा पाजून ते गेले.

तेव्हापासून एक प्रश्न छळतो. व्हाउचरवर एक आकडा ठळक आणि बाकीचे पुसट लिहिले तर त्याला अफरातफर म्हणतात. फोटोत तेच केलं की कला! मग धूसर करणं म्हणजे खोटं बोलणं का? तसंही म्हणवत नाही. आपले डोळेसुद्धा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघतात. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को भागात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी 'एफ ६४' नावाचा गट काढला होता. भोक इतकं बारीक, की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख! पण डोंगर हलत नाहीत. माणसं हलतात.

सोळावर मामा नक्की स्पष्ट आले असते. तिथे पट्टा साधारण दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंत पसरतो. पण दोनवरून सोळावर गेलं की उजेड चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणजे दिवे तरी हवेत, नाहीतर चौसष्टपट वेळ तरी. थोडक्यात, एकाला स्पष्ट बघणं स्वस्त. सगळ्यांना बघायचं तर खर्च येतो. आणि धूसर कोणाला ठेवायचं हे कॅमेरा ठरवत नाही हो, कडं फिरवणारा ठरवतो. मी साहेब निवडले, कारण माझं प्रमोशन मामांच्या हातात नव्हतं!

हल्ली भाचा मोबाइलवर बोट फिरवून हवं ते धूसर करतो. मी मात्र घरच्या समारंभात कडं अकरावर ठेवून "हलू नका" असं ओरडत बसतो. "अहो, जेवणं थंड होताहेत," असं सौ. बजावते.

फोटोत सुधारलो, एवढं खरं. काउंटरवर मात्र मोठा ठेवीदार समोर आला की मागची पेन्शनरांची रांग अजूनही धूसर होते. काय करणार! आमच्या शाखेत उजेड कमी आहे.