मानपत्रावर माझी सही मिळणार नाही

माजी विद्यार्थी संघाच्या उत्साही पदाधिकाऱ्यांनो,

तुम्ही पाठवलेला मानपत्राचा मसुदा वाचला. ‘कर्तव्यदक्ष’, ‘कार्यतत्पर’, ‘धडाडीचे’, ‘गोरगरिबांचे कैवारी’. विशेषणांची नुसती रांग लागली आहे. पण या तहसीलदारसाहेबांनी नेमकं काय केलं, कुठल्या गावात केलं, कोणाचं अडलेलं काम मार्गी लावलं, यावर एक ओळ नाही. नाव खोडून शेजारच्या तालुक्यातल्या तहसीलदाराचं घातलं, तरी मानपत्र जसंच्या तसं चालेल. दहावीत असा निबंध लिहिला असतात तर वही वर्गाबाहेर भिरकावली असती. आता तुमचे केस पिकलेत, म्हणून टपालाने परत पाठवतो आहे.

तहसीलदार झालेला तो मुलगा आपल्या शाळेचा, याचा मलाही अभिमान आहे. पण त्याचा सत्कार तुम्ही एकदा करून बसला आहात. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा जेसीबीतून फुलं उधळलीत, गुलाल उडवलात, चौकात फ्लेक्स लावलात. तेव्हा तर त्याने एका दाखल्यावरही सही केली नव्हती. आता पुन्हा सत्कार, आणि तारीख धरलीत ती साहेबांच्या वाढदिवसाची! १९४७ साली २१ एप्रिलला सरदार पटेलांनी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये नव्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांपुढे भाषण केलं, म्हणून तो दिवस नागरी सेवा दिन म्हणून पाळतात. निदान तो तरी आठवायचा होता.

तुमच्यातला एकजण फोनवर म्हणाला, “सर, साहेब फाईल अडवत नाहीत, हे काय कमी आहे?” कमीच आहे, बाळा. २००५चा बदल्यांचा कायदा तुम्हाला फक्त बदल्यांपुरता ठाऊक. त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की, साधारणपणे कोणतीही फाईल कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वेळेत काम करणं ही नोकरीची अट आहे. पस्तीस मार्क मिळवणाऱ्याला गुणवत्ता यादीत बसवू नका. खरा गुणवंत दिसेनासा होतो.

असामान्य काम कशाला म्हणतात, तेही शिकवतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतली बसण्याची रचना बदलली, धूळ खात पडलेलं रेकॉर्ड लावून घेतलं, कोणी काय काम करायचं हे लेखी ठरवून दिलं. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ते काम नगरबाहेर पोहोचलं आणि साहेबांची बदली झाल्यावरही त्याचं नाव राहिलं. अलीकडचं हवं असेल तर ‘जिवंत सातबारा’ घ्या. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही मोहीम २०२५ साली राज्यभर नेली गेली. वर्षानुवर्षं मयत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर तसंच, आणि वारस पीककर्जासाठी हेलपाटे घालतायत. अशा वेळी चावडीवर मयतांची नावं वाचून वारसांच्या नोंदी धरायच्या, हे काम कोणाच्या डोक्यातून निघालं, कोणी तडीस नेलं, ते शोधा आणि त्यांना शाल घाला.

आणि ती शाल एकट्या साहेबांच्याच खांद्यावर का? चावडीवर नावं वाचतो तो तलाठी. फेरफार मंजूर करतो तो मंडळ अधिकारी. नोटीस घेऊन उन्हातान्हात वाडीवस्तीवर जातो तो कोतवाल. तुमच्या मसुद्यात यांपैकी कोणीच नाही. पंतप्रधानांच्या लोकप्रशासनातील उत्कृष्टतेच्या पुरस्कारात २० लाख रुपये दिले जातात, ते सन्मानित जिल्ह्याला किंवा संस्थेला, लोकांच्याच कामावर खर्च करण्यासाठी. एवढी समज सरकारला आहे, आणि तुम्हाला नाही?

आता तुमच्या फ्लेक्सकडे वळतो. नमुना पाहिला. वर साहेब, खाली ‘सौजन्य’ म्हणून वाळूच्या ठेकेदाराचा फोटो. ज्याच्या डंपरवर साहेबांनी उद्या कारवाई करायची, त्याच्याच पैशाने साहेबांना फेटा? सरकारी नोकराने पूर्वपरवानगीशिवाय आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या समारंभाला जाऊ नये, मानपत्र स्वीकारू नये, असा नियम वर्तणूक नियमांत आहे तो काय उगाच? परवानगी मागितलीत का, असं विचारलं तर तुम्ही हसलात. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणखी एक. याआधी आपल्या तालुक्यात एक तहसीलदारबाई होत्या. त्यांनी पाणंद रस्त्यांवरची अतिक्रमणं काढली. पावसाळ्यात चिखलातून डोक्यावर ओझं वाहणाऱ्या लोकांच्या बांधापर्यंत ट्रॅक्टर जाऊ लागला. कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ हवा; बाईंची बदली त्याच्या कितीतरी आधी झाली. तेव्हा तुमच्यापैकी एकानेही निवेदन दिलं नाही, निरोपाचा नारळसुद्धा नाही. का, तेही सांगतो. त्या अतिक्रमण करणाऱ्यांपैकी दोघं आज तुमच्या सत्कार समितीत आहेत. चांगल्या कामाची कदर करायची तुमची दानत तिथेच कळली. तुम्हाला कौतुक अधिकाऱ्याचं नाही, त्याच्याशी असलेल्या ओळखीचं आहे.

तेव्हा मसुदा नव्याने लिहा. साहेबांनी केलेलं एक काम निवडा. ते कधी सुरू झालं, आधी काय अडचण होती, आता काय सोय झाली, हे साध्या वाक्यांत मांडा. त्यात राबलेल्या तलाठ्यापासून कोतवालापर्यंत सगळ्यांची नावं घाला. ज्यांचं काम झालं अशा दोन माणसांना घरी जाऊन विचारा. ती सांगतील तेच लिहा. सरकारी परवानगीचं पत्र जोडा, ठेकेदाराचे पैसे परत करा आणि त्या बाईंना, आज जिथे असतील तिथे, शाळेच्या लेटरहेडवर आभाराचं पत्र पाठवा.

एवढं झालं तर मानपत्रावर सही करेन आणि समारंभाला सगळ्यांत आधी येऊन बसेन. नाही झालं, तर निमंत्रणपत्रिकेवरचं अध्यक्ष म्हणून छापलेलं माझं नाव काढून टाका.