तटाच्या सावलीत

वैशाखातली दुपार. मोरगावात मयूरेश्वराचं दर्शन झालंय. आता देवळाच्या उंच तटाला पाठ टेकून सावलीत बसा. तापल्या फरशीवरून अनवाणी आल्याने तळवे पोळले असतील. पाय सैल सोडा.

बाहेर पारा चाळिशीला. तुमच्या आत मात्र सदतीस अंश, किंचित इकडेतिकडे. माघातल्या पहाटे कऱ्हेकाठी हुडहुडी भरते, तेव्हाही जवळपास तेवढेच. तुम्ही निवांत बसला आहात. आतलं कुणीच बसलेलं नाही.

मनगटाकडे पाहा. शिरा टरारल्यात. शेतात दारं धरणारा एक वाफा बंद करून दुसऱ्यात पाणी सोडतो, तसं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पोटाकडचं रक्त कमी करून कातडीकडे वळवलंय. आतली उष्णता तिथून बाहेर पडतेय.

कपाळाला हात लावा. कोकणात घाम नुसता निथळतो, या कोरड्या हवेत तो कळायच्या आत उडून जातो. उडताना उष्णता घेऊन जातो, म्हणूनच गारवा. मागे राहतं ते मीठ: सदऱ्याच्या पाठीवर उमटलेली पांढरी रेघ.

आता श्वास रोखा. थोड्याच वेळात छाती कासावीस होते. प्राणवायू संपला म्हणून नव्हे. मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. सोडा श्वास. हिशेब पुन्हा जुळला.

लक्ष कमरेकडे न्या. मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत घेतात. आज तर त्याहून कमी सोडतील. मघाच्या पेढ्यातली साखरही इन्सुलिन मार्गी लावतंय. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली या सगळ्या सांभाळाला ‘होमिओस्टॅसिस’ म्हटलं. इथे थांबलेलं काहीच नसतं. क्षणोक्षणी ढळणं आणि सावरणं चालू असतं.

आता जिभेकडे या. ती कोरडी पडलीय का? शरीर पाणी राखू शकतं, पण घामावाटे गेलेलं भरून काढायला त्याला तुमचे हातच लागतात. तहान हा त्याने तुम्हाला धाडलेला निरोप. वयाबरोबर हा निरोप क्षीण होतो. म्हणून उठा, पाणी प्या. आणि शेजारी आजी बसल्या असतील, तर त्यांनी मागायच्या आधीच तांब्या पुढे करा.