ओट्यावरची सोबत

संध्याकाळची जपमाळ आटोपली की आमच्या घरात कोणी कोणाशी फारसे बोलत नसे. सर्वांचे कान फाटकाकडे लागलेले असत. कडी कशी वाजते, पावले सरळ पडतात की अडखळतात, यावरून त्या रात्रीचे भवितव्य ठरे. आमचा धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेल्याला तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली होती. त्या धास्तावलेल्या घरात एकटा मोती तेवढा निर्धास्त होता. गावठी, तांबूस रंगाचा, एका कानाचे टोक तुटलेले. कडी वाजली की शेपटी हलवीत धावे. येणारा शुद्धीवर आहे की नाही, हा प्रश्न त्याला पडत नसे.

खरे सांगायचे तर त्या वर्षांत माणसांपेक्षा मोतीनेच आम्हांला अधिक सांभाळले. आरडाओरड होऊन घर शांत झाले की आम्ही ओट्यावर जाऊन बसत असू आणि तो निमूटपणे आमच्या पायांवर मान टाकी. शेजारीपाजारी काळजीने चौकशी करीत. तो चौकशी करीत नसे. कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. आई आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्याशी निगडित असलेले हेच ते द्रव्य. आम्हांला त्या शोधाचे फारसे नवल वाटले नाही.

परंतु याच सुखाने एक टोचणीही मागे लावली. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात प्राण्यांवर प्रेम करण्यास मुभा दिली आहे. मात्र जी माया केवळ माणसाचा हक्क आहे, ती त्यांच्याकडे वळवू नये, असेही बजावले आहे. हे वाचले आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. भावाच्या वाट्याची माया आम्ही कुत्र्याला घालीत होतो काय?

प्रथम आम्ही स्वतःचीच बाजू घेतली, आणि ती सर्वस्वी खोटी होती असेही नाही. व्यसनी माणसावरील प्रेम हळूहळू पहारेकऱ्याचे काम होऊन बसते. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, तर नाक श्वासाचा वास घेत असते. कपडे धुवायला घ्यावेत, तर बोटे खिसे चाचपतात. आईने वाढलेले ताटसुद्धा तपासणीच होती. तो किती जेवतो, यावरून ती अंदाज बांधी. मोतीच्या पाठीवरून फिरणाऱ्या हाताला मात्र काही शोधायचे नसे. वापरात नसलेली विहीर गाळाने भरते, हे वाडी कसणाऱ्यांना सांगायला नको. आमची विहीर मोतीने उपसती ठेवली. भावाला द्यायला आमच्यापाशी पुढे जे काही उरले, ते त्यामुळेच उरले असावे.

नातलगांपैकी काही जण मात्र म्हणत, 'कुत्र्याकडून शिका. तो बघा कसा क्षमा करतो!' हे आम्हांला कधीच पटले नाही. मोतीने क्षमा केली नव्हती, कारण त्याच्या लेखी अपराधच घडला नव्हता. आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, हे त्याला ठाऊक नव्हते. माणसाला सारे ठाऊक असते आणि तरीही प्रेम करायचे असते. म्हणून त्याच्या प्रेमाला कधी पैसे नाकारावे लागतात, कधी मालकाला खोटा निरोप देण्याचे टाळावे लागते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या संस्थापकांपैकी एकाची पत्नी लोइस विल्सन हिने १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन ही संघटना सुरू करण्यात पुढाकार घेतला, तो घरच्यांनाही हे शिकावे लागते म्हणूनच. निव्वळ शेपटी हलविणारे प्रेम आमच्या भावाला अधिकच बुडवून गेले असते.

तथापि टोचणी गेली नाही, आणि तिचे कारण निराळेच निघाले. वर्षातून काही संध्याकाळी अशा येत, की भाऊ न पिता घरी येई. हातांना कंप असे. तो ओट्याच्या कडेला बसे आणि काहीतरी बोलू पाही. अशा वेळी आम्ही उठत असू. 'मोतीला फिरवून आणतो,' असे म्हणून साखळी हातात घेत असू. एकदा नव्हे, अनेकदा. त्याचे बोलणे ऐकले तर पुन्हा आशा धरावी लागेल, या भयाने आम्ही कुत्र्याच्या आड लपत होतो. त्याच्या हक्काचे काही आम्ही हिरावले असेल, तर ते त्या संध्याकाळी.

तोबिताच्या पुस्तकात तोबिया राफाएलसोबत प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग निघतो आणि परततानाही बरोबर असतो. वाट देवदूत दाखवितो, औषध माशाच्या पित्ताचे होते. कुत्रा काहीच करीत नाही, केवळ चालतो. घरी आई अन्ना रस्त्याकडे डोळे लावून बसलेली असते. कुत्र्याची सोबत आणि तिचे ते बसणे, या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे त्या कथेत कुठेही सुचविलेले नाही.

गेल्या वर्षी भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परतला. यापूर्वीही दोनदा परतला होता, म्हणून घरात कोणी गाजावाजा केला नाही. मोती आता म्हातारा झाला आहे. पायऱ्या उतरताना थांबतो. एका संध्याकाळी भावाने विचारले, 'आज याला मी नेऊ का?' साखळी आमच्या हातात होती. ती देताना आम्ही क्षणभर घुटमळलो, आणि ते त्याच्या नजरेतून सुटले नाही.

देवळाची घंटा झाली, अंधार पडला. आई दोनदा दारात येऊन गेली. मग वळणावर दोघे दिसले. मोती धापा टाकीत होता, म्हणून भाऊ सावकाश चालत होता. आम्ही मोतीला हाक मारली खरी, पण पाहत होतो ते भावाच्या पावलांकडे.