कोनाड्यातला समुद्र

माझ्या नाकाबद्दल माझं स्वतःचं मत फारसं बरं नाही. चष्मा टेकायला आणि पावसाळ्यात सर्दी व्हायला ते उपयोगी पडतं, एवढंच. दूध करपल्याचा वास आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला येतो, तोही बायकोचा आवाज आल्यानंतर. अशा माणसापुढं परदेशातून आलेल्या भाच्यानं अत्तराची बाटली ठेवावी, हा त्या बाटलीचा दैवदुर्विलास म्हणायचा.

"मामा, हे साधं सेंट नाही. नीश परफ्यूम आहे."

मला 'नीश' कळेना. शेवटी शब्दकोश काढला. नीश म्हणजे कोनाडा! आता कोनाडा मला नवा नाही. माण तालुक्यातल्या आमच्या घराला चार कोनाडे होते. एकात रॉकेलची चिमणी, एकात देव, एकात आईची मिश्रीची डबी आणि चौथ्यात माझं प्रगतिपुस्तक, वडिलांचा हात सहसा पोहोचणार नाही इतकं आत सारलेलं. त्या कोनाड्याला असे दिवस येतील असं कुणाला वाटलं होतं! भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे, सगळे लावतात ते नको म्हणणाऱ्या मोजक्या लोकांसाठी मोजकंच काढलेलं अत्तर म्हणजे नीश. किंमत ऐकून मी खाली बसलो. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत आमचा तीन महिन्यांचा किराणा मावला होता.

"पण आहे काय ह्यात?"

"समुद्र," भाचा म्हणाला.

मी मनगटावर फवारा मारला. पहिल्यांदा आलं ते चक्क कापलेलं कलिंगड. मग मीठ. मग दवाखान्यातलं टिंक्चर आयोडिन. अर्ध्या तासानं ओला दोर आणि शेवाळ. संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "सुकट आणलीत का?" झालं! तीन महिन्यांच्या किराण्यात सुकट निघाली.

कलिंगडाचं कोडं भाच्यानं सोडवलं. 1966 साली फायझर या औषधकंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी एक पदार्थ बनवला. त्याला कलिंगडाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा असा दुहेरी वास होता. पुढं त्याचं नाव कॅलोन पडलं आणि 1990 नंतर तर समुद्राचं नाव सांगणारी कितीतरी अत्तरं त्याच्याच जिवावर निघाली. म्हणजे बाटलीत समुद्राचा थेंबही नसतो. आणि खऱ्या समुद्राचा वास तरी पाण्याचा कुठं असतो? समुद्रातल्या शेवाळापासून सूक्ष्म जीव डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू तयार करतात, त्याचा तो मोठा भाग. हाच वायू कोबी शिजताना निघतो! मी आयुष्यभर कोबीला नावं ठेवली आणि घरबसल्या येणारा समुद्र हुकवला.

मग हे अत्तर खोटं म्हणायचं का? तसं म्हणावं, तर कनौजला मातीचं अत्तर काढतात. भाजलेली माती पाण्यात उकळून तिचा वास चंदनाच्या तेलात धरतात. त्याला कुणी खोटा पाऊस म्हणत नाही. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आम्हा माणदेशी लोकांना नाव नको, वास पुरे. पाऊस त्याच्यामागून येईलच असं मात्र कुणी धरून चालत नाही.

कारण समुद्राचं आणि आमचं जुनं देणंघेणं आहे. दहिवडीपासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटर. तिथून ढग निघतात ते आमच्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरवर पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतात आणि सह्याद्री उतरून आमच्याकडं येताना हात हलवत येतात. आम्हाला पाचशेच्या आसपास मिळाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. आता काही गावांत उरमोडीचं पाणी आलं आहे, पण उन्हाळ्यात टँकरचा भोंगा ओळखणारे कान अजून शाबूत आहेत. आमची माणगंगासुद्धा जवळच्या समुद्राकडं पाठ फिरवून भीमेला आणि पुढं कृष्णेला मिळून पार पूर्वेच्या समुद्राला जाते. रुसवा म्हणतात तो हा.

पण समुद्राला बुडवा म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण मीही एक देणेकरी आहे. पाचवीत असताना भूगोलाच्या पुस्तकातला समुद्र मी आईला दाखवला होता. ती म्हणाली, "येवढं पानी कुठं असतंय व्हय?" मी म्हटलं, "नोकरी लागली की दाखवतो." नोकरी लागली. मग लग्न, मुलं, घराचं कर्ज. मी निवृत्त झालो, आई ब्याऐंशीची झाली. आईनं एकदाही आठवण करून दिली नाही. न मागणाऱ्या सावकाराचं देणं फार वाईट, ते फिटतही नाही आणि बुडवताही येत नाही.

तेव्हा ती बाटली घेऊन मी गावी गेलो, यात माझा हेतू शुद्ध नव्हता. आईच्या पदराला फवारा मारून मी म्हटलं, "हा बघ आई, समुद्र."

तिनं हुंगलं. गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "बाजारात सुकटवाली बसती, तितनं जाताना मी नाकाला पदर लावती. त्योच पदर बाटवलास की रं."

"अगं, पण समुद्राचा वास असाच असतो."

"आसंल." पुन्हा एकदा हुंगून ती म्हणाली, "बरं, वास तर आला. आता वाढतोस कवा?"

ती जुनी गोष्ट आठवली. हलवायाच्या दुकानासमोर उभं राहून एका गरिबानं नुसता वास घेतला. हलवाई पैसे मागू लागला. शहाण्या न्यायाधीशानं नाणी खुळखुळवून सांगितलं, वासाचे पैसे आवाजानं फिटले. लहानपणी मला हा न्याय फार आवडायचा. आता लक्षात आलं, मी उलटा हलवाई निघालो होतो. जेवायला बोलावलं होतं आणि वासावर बोळवण करत होतो.

नकलेत पाप नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. चैत्रात सासवडहून तेल्या भुतोजीची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटानं शिंगणापूरच्या शंभू महादेवाला येते. त्या पाण्यानं कऱ्हा नदी काही डोंगरावर येत नाही. पण ते पाणी खरं, कारण ते वाहून आणणाऱ्यानं वाट चुकवलेली नाही. माझी बाटली खोटी ठरली ती कॅलोनमुळं नव्हे. मी तिच्या आडून वाट चुकवत होतो, म्हणून. नक्कल अस्सलाची ओढ लावील तोवर ती सज्जन; अस्सलाची पावती म्हणून पुढं केली की लबाड. हे तत्त्वज्ञान मला इतकं आवडलं, की दोन महिने मी ते भेटेल त्याला ऐकवलं. पुढं बायकोनं विचारलं, "गाडी कधी ठरवताय?"

शेवटी गणपतीपुळ्याला गेलो. नुसत्या पाण्यासाठी आई आली नसती, गणपतीचं निमित्त बरं पडलं. दर्शन झालं आणि ती समोरच्या वाळूत उतरली. बराच वेळ बोलली नाही. मी जवळ उभा राहिलो. वासाबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. मग घोटाभर पाण्यात जाऊन तिनं ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थू करून टाकली.

"खारट हाय की रं!"

"हो."

"समदं?"

"सगळं."

तिनं पार क्षितिजापर्यंत नजर टाकली. टँकरच्या रांगेत हंडे मोजलेल्या बाईची नजर होती ती.

"येवढं आसून पेता येत न्हाय, म्हंजी ह्याचा वासच घ्यायचा. मंग त्या बाटलीवाल्यानं काय वंगाळ केलं?"

माझं दोन महिन्यांचं तत्त्वज्ञान तिथंच ओल्या वाळूत बसलं. पण हे म्हणायला तिला आधी ओंजळ भरून चाखावी लागली, हे मी तिला सांगितलं नाही. देणं फिटलं होतं. पुन्हा वाद कशाला काढा?